दक्षिणेकडच्या भिंती

मला राग लवकर येतो असं सगळे म्हणतात. राग यायला कारण किती लवकर मिळतं ते मात्र कोणी म्हणत नाही. त्या रविवारी दुपारी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये पुण्याहून आलेला निळ्या टी-शर्टातला एक माणूस माझ्या बहिणीकडे बोट करून म्हणाला, "उत्तरेच्या खुर्चीचा कोटा ठेवलाय वाटतं यांच्यासाठी." शेजारचे दोघे-तिघे हसले. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी टेबलावर ठेवून दिला, कारण हातात राहिला असता तर फेकला असता.

कोटा हा शब्द असाच येतो. हसत हसत येतो, आणि ज्याला लागायचा त्यालाच लागतो. बाकीच्यांना वाटतं, साधी थट्टा आहे. सुकन्या, माझी धाकटी बहीण, हातातले फासे तसेच धरून उभी राहिली. ती सकाळपासून दोन डाव जिंकली होती आणि दोन्ही वेळा तिची खुर्ची उत्तरेच्या बाजूला आली होती. चिठ्ठ्या टाकूनच आली होती. पण चिठ्ठ्या आमच्या माणसांनी काढल्या, टेबलं आम्ही बनवली आणि जिंकली आमची बहीण, एवढं निळ्या टी-शर्टाला पुरेसं होतं.

टेबलं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर हे सगळं भांडण हवेतलं वाटेल.

मी आणि नागनाथ वाळवंटं बनवतो. टेबलावर मावतील एवढी. लोक टेबलावर लढाईचे खेळ खेळतात; बोटाच्या पेराएवढे सैनिक असतात, फासे असतात, मोजपट्टी असते आणि नियमांचं जाडजूड पुस्तक असतं. सैनिक बाजारात मिळतात, पण त्यांना लढायला जमीन लागते, घरं लागतात, आडोसा लागतो. ते सगळं आम्ही करतो. फोमची शीट तापल्या तारेनं कापायची, तिच्यावर फेविकॉल फासून चाळलेला मुरूम आणि वाळू पेरायची, वाळली की पिवडीचा पिवळा हात द्यायचा. झुडपांना चादरीच्या कारखान्यातलं टाकाऊ सूत, छपराच्या वाशांना तुराट्या. हॉलंडचा एक माणूस आम्हाला नेहमी लिहितो की तुमचं वाळवंट फार अस्सल आहे, तुम्ही अरबस्तानात किती वर्षं होता. आम्ही एप्रिल महिन्यात मंद्रूपच्या रस्त्याला होतो, असं त्याला अजून कळवलेलं नाही. ती मातीची, सपाट छपराची घरं नागनाथच्या गावची माळवदं आहेत.

नागनाथ माझा पॉलिटेक्निकचा मित्र. सिव्हिलला आम्ही एका बाकावर होतो. त्याच्या घरी मंद्रूपच्या पलीकडे थोडी कोरडवाहू शेती आणि मेंढरं. दोघांनाही नोकरीत कोणी फार दिवस टिकू दिलं नाही, मला माझ्या तोंडामुळे आणि त्याला त्याच्या गप्प बसण्यामुळे. मग एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आम्ही हे सुरू केलं. वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. नकाशा माझा, जमीन माझी. टेकड्या, ओढे, वाळू सगळं मी करते. घरं त्याची. एकानं दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. भिंतीचा पोपडा कसा उडतो, पावसाचं पाणी पन्हळीखाली कसा डाग पाडतं, ते त्याच्यासारखं मला जमत नाही आणि त्याला माझ्यासारखी वाळू टाकता येत नाही. माणूस म्हणून मला त्याच्याइतकं जवळचं घराबाहेर कोणी नव्हतं. हे मी आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

यंदा सोमेशनं ही स्पर्धा सोलापुरात भरवली. सोमेश सॉफ्टवेअरवाला, लॉकडाऊनमध्ये पुण्याहून घरी आला तो परत गेलाच नाही. पुणे, हैदराबाद, बंगळूर, सगळीकडून पोरं येतील, सोलापूर सगळ्यांच्या मध्ये पडतं, असा त्याचा हिशेब होता आणि तो बरोबर निघाला. पौष होता. लग्नाला मुहूर्त नव्हते, म्हणून एवढं मोठं कार्यालय रिकामं मिळालं. सगळी टेबलं आमची. आजवर आम्ही घरं सुटी विकायचो. घेणारा ती पाहिजे तशी फिरवायचा. या वेळी पहिल्यांदाच गावं बोर्डावर कायमची चिकटवून द्यायची होती आणि प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात नकाशासारखा उत्तरेचा बाण. एक खेळाडू उत्तरेकडून चढाई करणार, दुसरा दक्षिणेकडून. हे एक काम चांगलं झालं असतं तर आम्हाला वर्षभर मागे वळून बघायला लागलं नसतं. वाईट झालं तर या एवढ्याशा दुनियेत आम्हाला कोणी विचारणार नव्हतं. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात आणि बोलतातही फार.

खेळाचा एक नियम एवढाच लक्षात ठेवा. सैनिक घरात दारातूनच शिरू शकतो. आत शिरला की त्याला गोळी सहजासहजी लागत नाही. बाहेर उघड्यावर राहिला की मेला. म्हणून मी नकाशात प्रत्येक घराला दोन दारं काढली होती, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. दोघांना सारखी संधी.

शेवटचे काही दिवस मी शेडवर गेलेच नाही. आईला न्यूमोनिया झाला होता आणि मी तिच्याजवळ दवाखान्यात होते. जमिनीचं माझं काम झालेलं होतं. घरं बसवायची राहिली होती. नागनाथ रोज फोटो पाठवायचा. घरं सुरेख दिसत होती. सगळे फोटो उत्तरेकडून काढलेले होते, हे माझ्या तेव्हा ध्यानात यायचं काही कारण नव्हतं. रविवारी सकाळी आईजवळ शेजारणीला बसवून आम्ही दोघी घरून कार्यालयात पोचलो, तोवर टेबलांना खेळाडूंचा गराडा पडला होता आणि वाकून बघायला मला सवड मिळाली नाही.

तर निळ्या टी-शर्टानं कोट्याचं काढलं आणि मी विचारलं, "काय म्हणायचंय ते सरळ म्हणा."

"सरळच म्हणतोय, मॅडम," तो म्हणाला. "सकाळपासून बघतोय. उत्तरेला बसला तो जिंकला. माझ्यासकट सगळे दक्षिणेवाले उघड्यावर मेले. मी म्हटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग वाकून बघितलं. या आख्ख्या गावात दक्षिणेला एक दार नाही. एका टेबलावर नाही, सगळ्या टेबलांवर नाही. याला योगायोग म्हणायचं?"

"खोटं आहे," मी म्हणाले. "नकाशा माझा आहे. मी दारं काढलीत."

"बघा की मग."

मी टेबलाला वळसा घालून दक्षिणेच्या बाजूला गेले आणि गुडघे टेकून टेबलाच्या कडेला डोळे लावले.

भिंती. नुसत्या भिंती. एका ओळीत सगळ्या घरांच्या पाठी माझ्याकडे. पोपडे होते, डाग होते, एका भिंतीवर तर शेणी थापल्याचे गोल गोल ठसेसुद्धा होते, आणि दार एकही नव्हतं. पुढच्या टेबलाकडे गेले. तेच. त्याच्या पुढच्याकडे गेले. काही घरांचं दार पूर्वेला सरकवलं होतं, बाकीच्यांचं सरळ गायब. माझ्या वाळूतून मी प्रत्येक दारापर्यंत एक-एक पायवाट आणली होती. त्या सगळ्या पायवाटा भिंतीला जाऊन टेकल्या होत्या.

सोमेश मागे येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी काय सांगू यांना? काहीतरी कारण द्यायला लागेल. नाहीतर टेबलं बाहेर काढा म्हणतायत, आणि सुकन्याचे डाव रद्द."

"दहा मिनिटं दे मला," मी म्हणाले आणि नागनाथला शोधायला गेले.

तो कार्यालयाच्या स्वयंपाकघरात होता. मोठमोठी पातेली पालथी घातलेली, आणि मधे एका शेगडीवर चहा. सगळ्या पोरांना चहा द्यायची जबाबदारी त्यानं आपणहून घेतली होती. माझा चेहरा बघितला आणि त्यानं शेगडी बारीक केली.

"दक्षिणेची दारं कुठं गेली?"

"कुटली दारं?"

"नागनाथ."

त्यानं पळी पातेल्यावर आडवी ठेवली. "न्हाय ठिवली," तो म्हणाला.

"का?"

"आगं, आख्खं गाव हाय ते. येक-दोन घरं असती तर डोळं झाकून केली असती. सगळ्या गावाला दक्षिणेला दारं? हातच चालंना."

मला वाटलं होतं फोम कमी पडला असेल, घाई झाली असेल, नकाशा उलटा धरला असेल. यातलं काहीही मी ऐकून घेतलं असतं. हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

"फोमचं गाव आहे ते," मी म्हणाले.

"घर म्हंजी घर की."

"कोण राहणार आहे त्यात? शिशाचे सैनिक. मरायलाच आणलेत त्यांना. त्यांना कसलं शुभ आणि कसलं अशुभ? दक्षिणेला यम असतो म्हणतोस ना, मग लढाईच्या गावाला तर चारी बाजूंनी दक्षिणच पाहिजे."

एरवी तो हसला असता. माझ्या असल्या बोलण्यावर तो नेहमी हसतो. "त्यांच्यासाठी न्हाय केलं," तो म्हणाला.

"मग कोणासाठी?"

चहा उतू जायला आला तेव्हा त्यानं शेगडी बंद केली. त्याला बोलतं करायला मला नेहमीच वेळ लागायचा आणि मी तो नेहमी देत आले होते. त्या दिवशी नाही दिला.

"बोल, नाहीतर मी बाहेर जाऊन सांगते की तू डोक्यावर पडलायस."

"घर ज्याच्या नावाचं, त्याला लागतंय ते," नागनाथ म्हणाला. "नकाशा तुजा हाय. बोर्डाखाली सही तुजी हाय. येवडी सगळी दारं तुज्या नावानं दक्षिणेला उगडायची... आन् तुमच्या घरात आदीच येक..."

"एक काय?"

"जाऊ दे."

"एक काय, नागनाथ?"

"पप्पांचं बगितलं की मी," तो म्हणाला.

आमच्या घराचं दार दक्षिणेला आहे. विजापूर रोडच्या आत जेव्हा प्लॉट पडत होते तेव्हा दक्षिणेच्या तोंडाचा तो तुकडा कोणी घेत नव्हतं, पप्पांनी घेतला. ते रेल्वेत फिटर होते. गवंड्यानं सांगितलं, साहेब, बाजूनं बोळ आहे, दार पूर्वेला काढू, बाहेरून कळायचंही नाही. पप्पा म्हणाले, कळलं पाहिजे. गावात होतो तोपर्यंत आपली दिशा गावानं ठरवली, गावाच्या बाहेर कुठल्या अंगाला राहायचं तेसुद्धा गावानं सांगितलं. आता माझ्या दाराची दिशा मी ठरवणार. आणि रस्त्यावर, बरोबर दक्षिणेला, त्यांनी दोन फळ्यांचं रुंद दार केलं. त्याच्यावर त्यांनी स्वतः निळा रंग दिला. आयुष्यात त्यांनी ज्या गोष्टी मान वर करून दाखवल्या, त्यात आम्हा दोघी बहिणींची प्रगतिपुस्तकं आणि ते दार होतं.

पप्पा गेले ते साखरेनं. आधी पाय, मग डोळे, मग किडनी. सगळं सोलापूर साखरेनं जातं. उत्तरेच्या दाराचं जातं, पूर्वेच्या दाराचं जातं. डायलिसिसला त्यांना न्यायचं-आणायचं काम बहुतेक वेळा नागनाथनं केलं. मी त्याचे उपकार मोजले नाहीत, कारण तो ते मोजू देत नव्हता. परत आणताना तो रिक्षा नेहमी मागच्या बोळात लावायला सांगायचा आणि पप्पांना उचलून स्वयंपाकघरातून आत आणायचा. पप्पा म्हणायचे, अरे, समोर एवढं दार आहे. तो म्हणायचा, मागून सपाट पडतंय, धक्का लागत नाही.

स्वयंपाकघरात त्या पालथ्या पातेल्यांच्या मधे मला ते आठवलं आणि बाकीचंही सगळं भराभर आठवत गेलं. नागनाथ आमच्याकडे कधीच समोरून आला नव्हता. बुद्धपौर्णिमेच्या खिरीला, सुकन्याच्या साखरपुड्याला, कधीच नाही. बोळातून यायचा, मागच्या दारात चपला काढायचा आणि आईच्या हातचं शेंगदाण्याच्या चटणीचं ताट घेऊन ओट्यापाशी बसायचा. आई सगळ्यांना कौतुकानं सांगायची, नागनाथला पाहुण्यासारखं वागायला नाही आवडत, घरचा पोरगा आहे, मागच्या दारानं येतो.

"तू आमच्या दारातून का येत नाहीस?" मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. नुसतं म्हणाला असता, नाही गं, सहज, तरी मी विश्वास ठेवला असता. इतका माझा त्याच्यावर विश्वास होता.

"तुला वाटतं पप्पा त्या दारानं गेले?"

"मला तुमची काळजी वाटती," तो म्हणाला. "तुजी, सुकीची, आईंची. आताबी आई दवाखान्यात. मी म्हनलं, आता आनिक दारं नकोत. लई वर्सं सांगीन सांगीन म्हनत हुतो, पर तुज्या तोंडापुडं..."

"पप्पांना सांगायचं होतंस. ते जिवंत होते, तू रोज त्यांना उचलत होतास. त्यांच्या तोंडावर सांगायचं होतंस की म्हातारबा, तुमचं दार तुम्हाला खातंय."

"तसं कोन बोलंल?"

"मनात तेच होतं ना पण."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते मी बऱ्याच वेळा अनुभवलंय. हे तसं नव्हतं. माझा बाप ज्या एका गोष्टीवर छाती काढून उभा राहिला, त्या गोष्टीकडे हा माणूस वर्षानुवर्षं आमच्या ओट्यापाशी जेवत अपशकुन म्हणून बघत होता. आणि प्रेमानं बघत होता. शिवी दिली असती तर मला उलट देता आली असती. काळजीला काय उलटं द्यायचं?

तेवढ्यात सोमेश दारात आला. "ताई, चला. सगळे थांबलेत."

हॉलमध्ये सगळी पोरं टेबलं सोडून मधे गोळा झाली होती. निळा टी-शर्ट हाताची घडी घालून पुढे उभा. सुकन्या तिच्या टेबलापाशीच होती. तिनं तिचे सैनिक डब्यात भरायला सुरुवात केली होती. मी सांगणारच होते. सांगणार होते की चूक आमच्या शेडमधली आहे, तिचा त्याच्याशी संबंध नाही, तिचे डाव रद्द करा पण चोर म्हणू नका. कारण काय सांगायचं ते मात्र माझं ठरत नव्हतं. नागनाथची लाज काढावी असं वाटत होतं आणि काढू नये असंही वाटत होतं. वेडी मी.

माझ्याआधी नागनाथच बोलला. चार माणसांत तोंड न उघडणारा नागनाथ पुढे झाला आणि म्हणाला, "ह्यांचा काय दोष न्हाय. नकाशात दारं हुती. मी न्हाय केली. दक्षिणेला दार नसतंय म्हनून न्हाय केली. घरं मी करतो, मला पटंना. बहिनीचा न् त्येचा काय संबंद न्हाय."

मला वाटलं आता हसतील. इंग्रजी पुस्तकातले नियम पाठ असलेली, लॅपटॉपवर जगणारी ही पोरं नागनाथला सोलून काढतील. आणि खरं सांगते, एवढं सगळं होऊनही त्यांच्यातला एक जरी हसला असता तर मी त्याला सोडला नसता.

कोणीच हसलं नाही.

"अच्छा," निळा टी-शर्ट म्हणाला. त्याच्या हाताची घडी सुटली. "वास्तूचं आहे होय. अहो, मग आधी सांगायचं ना दादा."

"आमच्या बिल्डिंगमध्ये दक्षिणेचे सगळे फ्लॅट पडून आहेत," मागून एकजण म्हणाला.

"माझ्या मामांनी ऑफिसचं शटर फिरवून घेतलं," हैदराबादचा एक मराठी पोरगा म्हणाला. "नंतर बघा कसं चाललं."

माना हलायला लागल्या. दोन मिनिटांपूर्वी जे आम्हाला टेबलांसकट बाहेर काढायला निघाले होते, ते सगळे समजूतदार झाले. लबाडी चालणार नव्हती, पण हे चालत होतं. हे त्यांच्या घरातलं होतं. निळा टी-शर्ट पुढे आला आणि त्यानं नागनाथच्या खांद्यावर हात ठेवला. "काम मात्र एक नंबर आहे तुमचं," म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "सॉरी हां मॅडम, गैरसमज झाला. मनावर नका घेऊ. मी पण आधी विचार करायला पाहिजे होता. दक्षिणेला दार ठेवतं कोण?"

"आम्ही ठेवतो," मी म्हणाले.

त्याला वाटलं मी खेळाचं बोलतेय. "हो ना, नकाशात होती म्हणालात."

"नकाशात नाही. घराला. माझ्या बापानं ठेवलंय. मी आणि ही माझी बहीण, आम्ही त्याच दारातून शाळेत गेलो. आज सकाळी त्याच दारातून इथे आलोय."

एकदोघांनी माझ्या आडनावाचा अंदाज बांधला असावा, ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. कोट्याचा विनोद करणाऱ्यानं तर तो आधीच बांधलेला होता. मघाशी चोर म्हणून बघत होते. आता बिचारी म्हणून बघायला लागले. मला मघाचं बरं होतं.

सोमेशनं घसा साफ केला. तो भला पोरगा आहे, पण त्याला कुठलंही भांडण लवकर मिटवायचं असतं. "मग असं करू. सकाळचे डाव बाद. आता प्रत्येकानं दोन-दोन डाव खेळायचे, एक उत्तरेकडून, एक दक्षिणेकडून. बरोबरी झाली. टेबलं आहेत तशीच राहू देत. चालेल ना, ताई?"

"नाही चालणार."

"का?"

"दारं पाडल्याशिवाय या टेबलांवर डाव होणार नाही. माझी सही आहे त्याखाली."

"ताई, आता किती वेळ..."

"जितका लागेल तितका. ज्याला घाई आहे त्यानं स्टेशन गाठावं."

मी पिशवीतून कटर काढला. तेवढ्यात नागनाथ पुढे आला. "दे," म्हणाला. "घरं माजी हायत. मी कापतो." त्याचे डोळे लाल झाले होते. त्याला माझ्याकडून काहीतरी मिटवून घ्यायचं होतं, हे मला दिसत होतं.

मी त्याच्या हातात कटर दिला. खरंच दिला, मनापासून. त्यानं एवढं केलं असतं तर मी पुष्कळ काही गिळलं असतं.

तो दक्षिणेच्या बाजूला गेला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं पहिल्या घराच्या भिंतीला पातं लावलं. पायवाट जिथे संपत होती बरोबर तिथे. तांदळाएवढी कडी दाराला लावायचा तो. आता पातं भिंतीवर टेकलेलं होतं आणि नुसतं टेकलेलंच राहिलं. सगळा हॉल बघत होता. त्यानं डोळे मिटले, उघडले, परत मिटले. मग पातं उचललं.

"तुला कायतरी झालं म्हंजी?" तो हळूच म्हणाला. "मला न्हाय जमत, प्रिया. तुला काय झालं तर मी कुटं जाऊ?"

तो खरं बोलत होता. तेवढं खरं मला आजवर कोणी बोललं नसेल.

"मला जे व्हायचं ते झालं, नागनाथ," मी म्हणाले. "आत्ताच झालं, सगळ्यांच्या समोर. त्यांनी मान हलवली आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा. तू तिथेच उभा होतास आणि तुला कळलंही नाही."

त्याला अजूनही कळलं नव्हतं. तो कोणत्या दाराबद्दल, कोणत्या अशुभाबद्दल विचार करत होता देव जाणे.

मी त्याच्या हातातून कटर घेतला. सुकन्या डबा बाजूला ठेवून आली आणि तिनं बोर्ड हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला. नागनाथही धरायला वाकला.

"तू नको धरू," मी म्हणाले.

तो मागे सरकला. मी पातं भिंतीत घातलं. त्याच्या हातचा पोपडा फुटला, पिवडीचा चुरा वाळूवर पडला आणि आतला पांढरा फोम दिसायला लागला. दार वाकडंतिकडं झालं, मला त्याच्यासारखं येत नाही. ते तसंच ठेवून मी शेजारच्या घराकडे वळले.